अंतर तेवढंच, मग तास जातो कुठे?

हिवाळ्यातलं मुंबई–लंडन तिकीट समोर घ्या. समजा, विमान दुपारी १ वाजता मुंबईहून निघतं आणि संध्याकाळी साडेपाचला लंडनला पोचतं. परतीचं रात्री ९ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला सहारला उतरतं. आजी-आजोबा पहिल्यांदाच लेकीकडे निघाले असतील, तर घरात बोटांवर हिशेब होतो: जाताना साडेचार तास आणि येताना साडेचौदा! खरी गोष्ट नेमकी उलटी आहे. तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते आणि हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तो फरक धरला की जायला दहा तास लागतात, यायला नऊ.

अंतर मात्र दोन्ही वेळा तेच, सुमारे ७,२०० किलोमीटर.

मग एक तास कशात गेला? ‘पृथ्वी फिरते ना!’ हे उत्तर हमखास मिळतं. पण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमानाखालून जमीन नुसती सरकत असती, तर लंडनच आपल्याला सामोरं आलं असतं आणि जाण्याचा वेळ वाचला असता. तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीसोबत फिरते. ती फिरत नसती तर शिवाजी पार्कवर ताशी दीड हजार किलोमीटरचा वारा सुटला असता. तो तास खरं तर जेट स्ट्रीम खातो. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे जोरकस वारे. पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्यांना दिशा मिळते, एवढाच तिचा संबंध.

हा वारा किती मोलाचा, ते २०१६च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियाने दाखवून दिलं. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे १,४०० किलोमीटरने वाढली आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी घटला, कारण वारा सगळा पाठीशी होता. जवळची वाट ती लवकरची, ही आपली रस्त्यावरची समजूत आकाशात टिकत नाही.

नकाशाही असाच फसवतो. भिंतीवरच्या नकाशावर मुंबई ते लंडन पट्टीने रेघ ओढली, तर ती इराक आणि तुर्कस्तानवरून जाते. आता पृथ्वीगोलावर त्याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो उत्तरेकडे झुकतो आणि इराण, कॉकेशस, युक्रेनवरून लंडन गाठतो. सर्वांत कमी अंतर या दोऱ्याचं, आणि वरचे ७,२०० किलोमीटर त्याचेच. पण फेब्रुवारी २०२२मध्ये युद्ध पेटलं आणि युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. त्यामुळे वळसा घालावाच लागतो. विमान प्रत्यक्षात दोऱ्यापेक्षा जास्तच उडतं.

जवळच्या प्रवासात कोडं निराळं. मुंबई–दिल्ली हवाई अंतर साधारण १,१५० किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटरने भागलं तर दीड तासही भरत नाही, मग तिकिटावर दोन तासांहून अधिक का? कंपनी वेळ लपवते असं नाही. विमान एका विमानतळावरच्या जागेवरून हललं तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबेपर्यंतचा सगळा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं, चढणं, उतरणं. त्यातून मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत, म्हणून दिल्लीहून आलेल्या विमानाला कधी कधी खाली दिवे दिसत असतानाही आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.