सायलो घर

सायलो घर म्हणजे धान्य, सिमेंट यांसारखा सुटा माल साठवण्यासाठी बांधलेल्या आणि वापरातून गेलेल्या उंच, गोल कोठाराचे निवासस्थानात केलेले रूपांतर. महाराष्ट्रातील जुन्या घरांत धान्याचे बळद भिंतीतच ठेवलेले असे. येथे उलट कोठारातच घर वसवले जाते.

रचना

सायलोची भिंत आतून बाहेर रेटणाऱ्या दाबासाठी बांधलेली असते. धान्याच्या वजनाचा मोठा वाटा घर्षणामुळे भिंतच पेलते, हे जर्मन अभियंता यान्सन याने १८९५ मध्ये सूत्रबद्ध केले. घराचा भार त्या मानाने किरकोळ असतो. खरी अडचण खिडक्यांची. खिडकीसाठी भिंत कापली की तिला कडीसारखे वेढणारे पोलाद तुटते, म्हणून प्रत्येक झरोक्याभोवती भक्कम चौकट बसवावी लागते. कोपनहेगन येथील १९६३ च्या दोन सायलोंचे २००५ मध्ये रूपांतर करताना याच कारणाने सदनिका भिंतीबाहेर टांगण्यात आल्या व आतील पोकळीत जिने आणि उद्‌वाहने ठेवली गेली. ऑस्लोमध्ये मात्र १९५३ च्या धान्य सायलोत २००१ मध्ये विद्यार्थ्यांसाठी आतच लहान घरे करण्यात आली.

सहा मीटर व्यासाच्या सायलोत एका मजल्यावर सुमारे २८ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस फूट जागा मिळते. सरळ पाठीचे कपाट वक्र भिंतीला टेकत नाही. त्यामुळे ओटा व कपाटे गोलाईतच घडवावी लागतात आणि झोपण्याची जागा बहुधा माळ्यावर जाते.

उष्णता

बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. अशा हवेत पत्र्याचा उघडा सायलो राहण्याजोगा नसतो. अमेरिकेतील फिनिक्स या वाळवंटी शहरात १९५५ च्या पत्र्याच्या सायलोचे छोटे घर करताना आतून उष्णतारोधक थर देण्यात आला. या थरामुळे आतील व्यास घटतो, हा हिशेब आराखड्यापूर्वीच करावा लागतो. माथ्यावरील झडप उघडी ठेवल्यास उंचीमुळे गरम हवा आपोआप वर निघून जाते. सपाट पत्र्याच्या खोलीला हा लाभ नाही.

सुरक्षितता

धान्याची बारीक धूळ हवेत मिसळल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्यामुळे पूर्ण सफाईपूर्वी वेल्डिंग किंवा कापणी धोक्याची ठरते. कीड मारण्यासाठी वापरलेल्या गोळ्यांतून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो, तर कुजलेल्या धान्यामुळे तळाशी प्राणवायू कमी पडू शकतो. रिकामा दिसणारा सायलोही वायुवीजन व वायुतपासणी केल्यावाचून आत उतरण्याजोगा मानला जात नाही.