वेड्यावाकड्या अक्षरांची राखण



मोबाईलवर सातबारा पाहताना किंवा रेल्वेचं तिकीट काढताना एका चौकटीत वेडीवाकडी अक्षरं येतात. ती पाहून खाली तशीच लिहायची असतात. याला ‘कॅप्चा’ म्हणतात. पण हा खटाटोप कशासाठी?

इंटरनेटवर फक्त माणसंच वावरतात असं नाही. ‘बॉट’ नावाचे प्रोग्रॅमही फिरत असतात. आपला एक अर्ज भरून होईपर्यंत बॉट शेकडो खोटे अर्ज भरतो, नको त्या जाहिराती टाकतो. रेशनच्या रांगेत एकानेच शंभर पिशव्या मांडून ठेवाव्यात, तसं होतं. खऱ्या माणसाची पाळी येतच नाही.

म्हणून 2000 सालच्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी हा उपाय पुढे आणला. माणूस वाकडं अक्षर ओळखतो, तेव्हाचं यंत्र मात्र अडायचं. आता यंत्रंही बरीच हुशार झालीत. त्यामुळे कुठे चित्रातली बस ओळखायला सांगतात, कुठे ‘मी रोबो नाही’ या चौकोनात खूण करायला लावतात.

कॅप्चा चुकला तर घाबरू नका, अर्ज बाद होत नाही. लहान-मोठी इंग्रजी अक्षरं नीट पाहा. वाचता येत नसेल तर शेजारचं गोल बाण दाबा, नवा कॅप्चा येतो. स्पीकरचं चित्र असेल तर ते दाबून ऐकताही येतं.

एक फरक पक्का लक्षात ठेवा. कॅप्चा सगळ्यांना दिसतो, तो गुपित नाही. ओटीपी आपल्याच मोबाईलवर येतो, ते आपल्या घराच्या कुलपाची किल्ली आहे. तो कुणालाही सांगायचा नाही. खरा कॅप्चा ओटीपी, पिन किंवा पैसे मागत नाही, ॲपही उतरवायला लावत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘घरबसल्या कॅप्चा टाईप करा, हजारो कमवा’ असे मेसेज गटांत फिरतात. बॉटला जे वाचता येत नाही ते माणसांकडून वाचून घेण्याचा धंदा खरोखर चालतो. त्यात मोबदला नगण्य, आणि आपण मदत करतो ती बॉटवाल्यांना. बरेच जण तर कामही देत नाहीत. आधी नोंदणी फी घेतात, मग ‘काम चुकलं, दंड भरा, नाहीतर कोर्टाची नोटीस’ म्हणून धमकावतात.

काम देणाराच आधी पैसे मागत असेल, तर तिथेच थांबा. पैसे गेलेच, तर लाजू नका. लगेच 1930 या सायबर हेल्पलाईनला फोन करा. जितक्या लवकर कराल, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की पाच मिनिटं या विषयालाही द्या.