पुढे लोडर, मागे बॅकहो : लहान ट्रॅक्टर घेण्यापूर्वीचा हिशेब

वाळू-खडीचा डेपो चालविणारे, वीटभट्टीवाले, घरबांधणीचे लहान ठेके घेणारे आणि नळ-गटारांची कामे करणारे आपले पुष्कळ बांधव अलीकडे आम्हाला एकच प्रश्न विचारतात. दर वेळी जेसीबी भाड्याने आणण्यात पैसा जातो, शिवाय तो वेळेवर मिळत नाही. मग लहान ट्रॅक्टरला पुढे लोडर आणि मागे बॅकहो, म्हणजे खोदाईचा हात, बसवून घरचेच यंत्र का करू नये?

प्रश्न रास्त आहे. मात्र उत्तर सर्वांना सारखे नाही. आमच्या परिचयातील एका ठेकेदाराने घरातील दागिने मोडून असे यंत्र उभे केले. पहिले काही महिने काम जोरात चालले. पुढे एके दिवशी कठीण मुरूम खोदताना ट्रॅक्टरच्या मधल्या भागातून तेल गळू लागले. उघडून पाहिले तर क्लच हाउसिंगला तडा गेलेला. दुरुस्तीत पाऊण हंगाम गेला आणि हातातील दोन ठेकेही गेले. ट्रॅक्टर वाईट नव्हता, चालविणाराही अनाडी नव्हता. खोदाईचा हात ज्या रीतीने बसविला होता तीच चुकीची होती. अशी ठेच दुसऱ्या कोणास लागू नये म्हणून हा लेख.

हे यंत्र कोणासाठी?

ब्रिटनच्या जेसीबी कंपनीने 1979 साली हरियाणातील बल्लभगड येथे एस्कॉर्ट्स समूहाच्या भागीदारीत उत्पादन सुरू केले. पुढे कंपनीचे नावच आपल्याकडे यंत्राचे नाव होऊन बसले. ते यंत्र मुळातच खोदाईसाठी बनविलेले असते. वजन सात टनांच्या वर आणि खोदाई साडेचार मीटरपेक्षा जास्त. लहान ट्रॅक्टरवरील हात साधारण दोन ते अडीच मीटर खोल जातो. मोकळ्या जागेत जेसीबी एका तासात जेवढे काम उरकील, त्याला या यंत्राला दोन-तीन तास लागतील. म्हणून मोकळ्या मैदानात जेसीबीशी स्पर्धा करण्यासाठी हे यंत्र घेऊ नये.

याचे खरे क्षेत्र आहे अरुंद जागा आणि रोजचे थोडे थोडे काम. जुन्या मोहल्ल्यातील गल्लीत शौचालयाच्या टाकीचा खड्डा, घरामागील पाया, नळाची चारी, डेपोवर दिवसभर खडी-वाळू भरणे, भट्टीवर माती ओढणे, गोठ्यातील शेण उचलणे. अशा ठिकाणी मोठे यंत्र एक तर शिरत नाही किंवा अर्ध्या तासाच्या कामासाठी येतच नाही. तुमच्या कामातील बहुतेक भाग असा असेल तरच पुढे वाचावे. नसेल तर जेसीबी भाड्याने आणणेच शहाणपणाचे.

ताशी खर्च काढा

किमतीपेक्षा तासांचा हिशेब महत्त्वाचा. समजा, सर्व जोडणीसह यंत्र 9 लाखांना पडले आणि पाच वर्षांनी 4 लाखांना विकले. म्हणजे वर्षाला 1 लाख रुपये घट. ऑपरेटरचा पगार महिना 18 हजार धरल्यास वर्षाचे 2 लाख 16 हजार. विमा व कर 30 हजार. यंत्र उभे राहिले तरी हे 3 लाख 46 हजार जाणारच. त्याखेरीज दर तासाला 4 लिटर डिझेल 90 रुपये भावाने 360 रुपये आणि टायर, तेल, दुरुस्तीचे 100 रुपये.

वर्षात 1000 तास काम मिळाले तर तासाला सुमारे 806 रुपये खर्च येतो. 500 तासांना तोच 1152 रुपये होतो आणि 300 तासांना 1613 रुपयांवर जातो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावचे भाव घालून हाच हिशेब मांडावा आणि जेसीबीच्या ताशी भाड्याशी ताडून पाहावा. मागील वर्षाची वही काढा आणि जेसीबी व मजुरांकडून किती तास काम करून घेतले ते मोजा. अंदाजाने बोललेले तास नेहमी जास्त निघतात, असा आमचा अनुभव आहे.

एकट्याच्या कामात तास भरत नसतील तर डेपोवाला आणि ठेकेदार अशा दोघांनी भागीदारीत यंत्र घेता येते. कर्जाचे व्याज टाळू इच्छिणाऱ्यांनाही हा मार्ग सोयीचा आहे. मात्र कोणाचे काम आधी, डिझेल कोणाचे, मोडतोड कोणी भरायची आणि एकाला बाहेर पडायचे झाल्यास यंत्राची किंमत कशी ठरवायची, हे सर्व स्टॅम्प पेपरवर लिहून घ्यावे. सख्ख्या भावांत भागीदारी असली तरी लिहावे. बहुतेक भांडणे न लिहिलेल्या गोष्टींवरूनच होतात.

निवड करताना काय पाहावे?

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट सबफ्रेमची. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांना मोटारगाडीसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअर बॉक्स एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तोच ट्रॅक्टरचा कणा. नांगर ओढताना हा कणा ताण सहन करतो. पण मागच्या थ्री पॉइंट लिंकेजला नुसताच खोदाईचा हात अडकविला, तर प्रत्येक हिसक्याचा धक्का थेट हाउसिंगवर बसतो. आमच्या परिचिताच्या बाबतीत हेच घडले. सबब पुढच्या लोडरपासून मागच्या हातापर्यंत दोन्ही बाजूंनी जाणारी पोलादी सबफ्रेम असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्थानिक वर्कशॉपमधून जोडणी करून घेत असाल तर ट्रॅक्टर कंपनीची वॉरंटी तशीच राहते काय, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

दुसरी गोष्ट हायड्रॉलिक पंपाची. ट्रॅक्टरचा मूळ पंप नांगर उचलण्यापुरता असतो. त्यावर लोडर कसाबसा चालेल, पण खोदाईचा हात सुस्त होईल आणि तेल तापेल. बॅकहोसाठी वेगळा पंप, वेगळी तेलाची टाकी आणि चांगला फिल्टर हवा.

तिसरी गोष्ट पुढच्या आसाची. ओला मुरूम अथवा वाळू एका घनमीटरला दीड ते दोन टन भरते. पाव घनमीटरची बकेट भरली की चार-पाचशे किलो वजन पुढे लोंबकळते. लोडर आणि बकेटचे वजन निराळेच. हा सर्व भार पुढची चाके आणि किंगपिन यांवर येतो. म्हणून मजबूत पुढचा आस, जास्त प्लायचे टायर आणि पॉवर स्टिअरिंग हवेच. फोर व्हील ड्राइव्ह मिळाल्यास उत्तम. लोडरच्या कामात मिनिटामिनिटाला पुढे-मागे करावे लागते. तेव्हा रिव्हर्स सहज पडणारा गिअर आणि तेलात बुडालेले ब्रेक असलेला ट्रॅक्टर निवडावा.

चौथी गोष्ट उंचीची. तुमचा माल ट्रॉलीत भरायचा की टिपरमध्ये? टेप घेऊन त्याच्या फळीची उंची मोजा. बकेट उलटी केल्यावर तिचे टोक त्या फळीच्या वर राहिले पाहिजे. हे मोजमाप न करता घेतलेले लोडर डेपोवर निरुपयोगी ठरतात.

जुने यंत्र घेणाऱ्यांनी एक सोपी परीक्षा करावी. भरलेली बकेट वर उचलून इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटे दूर उभे राहून पाहावे. बकेट भराभर खाली येत असेल तर जॅकचे सील अथवा व्हॉल्व्ह गेले आहेत. तेल दुधासारखे दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे. पिना हलवून पाहाव्यात. हाताच्या बुडाशी नवा रंग दिसला तर त्याखाली वेल्डिंग आहे काय ते खरवडून पाहावे.

वापरताना

भरलेली बकेट नेहमी जमिनीलगत ठेवून चालावे. उंच उचललेली बकेट आणि उताराची जागा, याने ट्रॅक्टर उलटतो. खोदाईचा हात काढून नुसता लोडर चालवायचा असेल तर मागे वजन बांधावे, नाहीतर मागची चाके हलकी होतात आणि ब्रेक लागत नाही. खोदताना दोन्ही बाजूंचे पाय पक्क्या जमिनीवर टेकवून ट्रॅक्टरची चाके हलकी करावीत. काळ्या मातीत पायांखाली जाड फळ्या घालाव्यात. आपल्याकडचा काळा पाषाण या हाताने फुटत नाही. तेथे जोर करण्यापेक्षा ब्रेकर बोलवावा. एका पिनेच्या हट्टापायी पूर्ण बूम वाकलेले आम्ही पाहिले आहे.

दररोज सकाळी सर्व पिनांना ग्रीस द्यावे. पहिल्या 50 तासांच्या सुमारास तेल व फिल्टर बदलण्याबाबत पुस्तिकेत लिहिलेले असते, ते टाळू नये. होज पाइपची गळती कधीही हाताने चाचपू नये. सुईसारखी बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणीएवढी जखम दिसते, पण हात कापण्याची वेळ येऊ शकते. गळती पुठ्ठा धरून शोधावी आणि तेल अंगात शिरल्यास त्याच घडीला दवाखाना गाठावा.

सर्वांत मोठा धोका चारीत उतरलेल्या मजुराला. दीड मीटरपेक्षा खोल चारीला लाकडी अथवा लोखंडी आधार दिल्याशिवाय माणूस उतरवू नये आणि उपसलेली माती काठावर रचू नये. एक घनमीटर माती म्हणजे दीड टन वजन. ती छातीवर आली तर ओरडायलाही सवड मिळत नाही. वरच्या विजेच्या तारा पाहूनच बूम उचलावा. जमिनीखालील केबल व पाइपची चौकशी ग्रामपंचायत, नगरपालिका आणि वीज कार्यालयात करावी. 2023 साली केंद्र सरकारने यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे मोबाइल ॲपही सुरू केले आहे.

कागदपत्रे

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला. लोडर व बॅकहोचा दर वेगळा असू शकतो, म्हणून बिलात प्रत्येक वस्तूची किंमत व कर स्वतंत्र लिहून घ्यावा. शेतीसाठी नोंदविलेला ट्रॅक्टर भाड्याच्या बांधकामावर चालविला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. नोंदणी व विमा ज्या कामाचा आहे त्याच कामाला यंत्र लावावे. परवान्याशिवाय मुरूम अथवा वाळू उचलल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 खाली जबर दंड होतो आणि यंत्रही जप्त होते. माल दुसऱ्याचा असला तरी यंत्र आपले जाते, हे ध्यानात असू द्यावे.

एकंदरीत सांगायचे तर, हे यंत्र गरिबाचा जेसीबी नव्हे. अरुंद जागेचे आणि रोजच्या कामाचे ते इमानी हत्यार आहे. आधी वहीतील तास मोजा, मग सबफ्रेम पाहा आणि त्यानंतरच किमतीची घासाघीस करा. ज्यांचा हिशेब जमत नाही त्यांनी यंत्र न घेणे हाही व्यापारातील नफाच आहे.