बिस्किटाचा पुडा, 22 दिवस आणि माझी काजूची पाटी

या आठवड्याच्या व्हिडिओत ऑस्ट्रेलियाचा विषय घाईत आटोपला, म्हणून इथे नीट सांगतो. तुमचं दुकान अजून उघडायचं असेल तर आत्ताच वाचा. उघडल्यावर मोह होतो, मला झाला होता.

ऑस्ट्रेलियात वूलवर्थ्स आणि कोल्स या दोन सुपरमार्केट साखळ्या. देशातल्या सुपरमार्केटमधल्या किराणा विक्रीपैकी साधारण दोन तृतीयांश या दोघांच्या हातात. कोविडनंतर महागाई वाढली, लोक चिडले. महागाई तर सगळीकडेच होती, पण तिथला राग वेगळा होता. "वाढलेला भाव तुम्ही सवलत म्हणून विकताय" असा तो राग होता. 2024 मध्ये तिथल्या संसदेत चौकशी झाली आणि सप्टेंबरमध्ये सरकारी ग्राहक आयोगाने दोन्ही कंपन्यांना कोर्टात खेचलं. कंपन्यांनी आरोप नाकारले, हेही सांगायला हवं.

आयोगाने दिलेलं एक उदाहरण बघा. वूलवर्थ्समध्ये ओरिओचा 370 ग्रॅमचा फॅमिली पॅक जवळपास दोन वर्षं बहुतेक वेळ साडेतीन डॉलरला होता. नोव्हेंबर 2022 मध्ये तो 5 डॉलर केला. फक्त 22 दिवस. मग पाटी लागली, 'किंमत उतरली': आधी 5, आता साडेचार. म्हणजे सवलतीतला पुडा जुन्या नेहमीच्या भावापेक्षा 29 टक्के महाग! आयोगाच्या म्हणण्यानुसार वूलवर्थ्सच्या 266 आणि कोल्सच्या 245 वस्तूंच्या बाबतीत असं झालं.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे एमआरपी आहे, त्याच्यावर विकता येत नाही. बरोबर, तिकडे एमआरपी नाही. पण सुट्टा माल? डाळी, गूळ, खोबरं, सुकामेवा, तुमचे घरगुती मसाले? तिथे भाव तुम्हीच ठरवता. आणि पाकिटावर एमआरपी मुळातच फुगवून छापलेली असेल, तर '40 टक्के सूट'चा अर्थ काय उरतो, ते तुम्हीच सांगा.

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधी मला काजू महाग पडले. नेहमी 840 रुपये किलो विकायचो, आता 880 ला विकणं भाग होतं. मी काय शहाणपणा केला? आठवडाभर 960 ची पाटी लावली आणि वसुबारसेला ती खोडून 'दिवाळी धमाका 880' लिहिलं. काजू छान खपले. आमच्या जुन्या गिऱ्हाईक काकू आल्या, पाटी बघितली, पिशवीतून वही काढली. त्या हिशेब लिहितात, हे मला ठाऊकच नव्हतं! म्हणाल्या, "गणपतीत 840 नं नेले होते रे. भाव वाढला तर वाढला म्हणायचं, आम्ही काय नाही म्हटलं असतं?"

त्या दिवशी त्यांनी पाव किलो नेले. पुढच्या महिन्यात त्यांची यादी आली नाही. महिन्याला सात-साडेसात हजारांचं बिल व्हायचं त्यांचं. किलोमागे चाळीस रुपये उघडपणे मागायची लाज वाटली, तिची ही किंमत! (बीबीएला प्राइसिंगचा आख्खा पेपर होता, चांगले मार्क पडले होते मला.)

म्हणून आता आमच्याकडे साधी पद्धत आहे. जास्त खपणाऱ्या 30 वस्तूंचे भाव दर सोमवारी वहीत लिहितो, तारखेसकट. सवलतीच्या पाटीवर 'आधीचा भाव' लिहायचा असेल, तर तो वहीत किमान तीन महिने दिसला पाहिजे, नाहीतर पाटी लागत नाही. आणि भाव वाढला की काउंटरवरच्या फळ्यावर लिहितो: 'तूरडाळ आजपासून 6 रुपयांनी महाग, खरेदी वाढली आहे.' पहिल्यांदा लिहिताना हात जड झाला होता. त्या दिवशी दोघं-तिघं कुरकुरले, पण डाळ घेऊन गेले.

अजून एक तपासा: मोठं पाकीट खरंच स्वस्त पडतं का? शंभर ग्रॅमचा भाव काढा. माझ्याच रॅकवर एका डिटर्जंटचं मोठं पाकीट लहानापेक्षा महाग पडत होतं आणि मी सगळ्यांना "मोठंच घ्या, परवडतं" सांगत होतो.

काकू मागच्या महिन्यात पोहे न्यायला आल्या होत्या. फळा वाचला, काही बोलल्या नाहीत. यादी अजून आलेली नाही.

तीस वस्तूंच्या वहीचा नमुना पुढच्या व्हिडिओत दाखवतो. तोवर तुमच्या दहा वस्तूंचे आजचे भाव तारीख घालून लिहून ठेवा.