साठ घरे आणि एक रोहित्र

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक रोहित्र आहे. लोक त्याला डीपीच म्हणतात. त्यावर '१०० केव्हीए' असे लिहिले आहे. गल्लीत साधारण ६० घरे. प्रत्येकाचा मंजूर भार ३ किलोवॅट धरला, तर बेरीज १८० किलोवॅट. रोहित्र मात्र देणार फार तर ९०. मग हिशेब चुकला का? नाही, श्रोतेहो.

लग्नाची पंगत आठवा. आमंत्रण ५०० जणांना, मांडवात पाने मात्र दीडशेच. सगळे एकदम जेवायला बसत नाहीत, हे यजमानाला ठाऊक असते. विजेचेही तसेच. एका घरात गिझर चालू असतो, दुसऱ्या घरात इस्त्री, तिसऱ्याला कुलूप. गिझर २ किलोवॅट घेतो, पण अर्धाच तास. म्हणून घरे जितकी जास्त, तितकी दर घरामागे धरायची मागणी कमी. अभियंते याला विविधता गुणक म्हणतात. कवी माणसाला हा शब्द आवडला.

सवयी एक झाल्या की मात्र हे गणित डळमळते. रमजानमध्ये सहेरीला आमचे सगळे दिवे एकदम लागतात. पण ९ वॅटचे चार-चार दिवे ६० घरांत लावले, तरी भार जेमतेम २ किलोवॅट. खरी परीक्षा मे महिन्यातल्या रात्रीची. दीड टनाचा एसी ऐन भरात सुमारे दीड किलोवॅट घेतो. ४० घरांत तो एकदम चालला, की ६० किलोवॅट तिथेच संपले. शिवाय फ्रिज, पंखे, पाण्याचे पंप आहेतच.

रोहित्राच्या पोटातले तेल वेटोळ्यांची उष्णता बाहेर नेते. तेल तापायला वेळ लागतो, म्हणून तासभर जादा भार ते सोसते. पण विजेचा प्रवाह दुप्पट झाला, की तारेत उष्णता चौपट होते. रात्रही उकाड्याची असेल तर त्याला निवायला उसंत मिळत नाही. आतला निरोधक कागद ठिसूळ होत जातो आणि एके रात्री गल्ली अंधारात बुडते. ज्याच्या घरी एकच पंखा आहे, तोही त्या अंधारात बसतो.

म्हणून नवा एसी घेतला, की मंजूर भार वाढवण्याचा अर्जही करा. आकार थोडा वाढूही शकेल. पण कोणत्या गल्लीला १०० चे रोहित्र पुरेल आणि कुठे २०० चे हवे, हे ठरवताना वीज कंपनी याच नोंदींचा आधार घेते. नोंदीत नसलेला एसी तिच्या हिशेबात येणार कसा?