फेणी
गोव्यात काजूच्या बोंडांपासून किंवा नारळाच्या माडीपासून तयार होणारे तीव्र ऊर्ध्वपातित मद्य. फेसावरून हे नाव पडले असावे, असे मानतात. यांपैकी माडाची फेणी अधिक जुनी असून काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलमधून आणले. तथापि आज ‘फेणी’ म्हटले की प्रायः काजूचीच अभिप्रेत असते.

परंपरेने झाडावरून गळून पडलेलीच पिकली बोंडे वेचतात. बी वेगळी केल्यावर ती दगडी कुंडात पायांनी तुडवितात. हा रस मडक्यांत वा पिंपांत सुमारे तीन दिवस आंबविल्यावर भट्टीवर चढवितात. पहिल्या ऊर्ध्वपातनातून मिळणारे उर्राक सौम्य असते. त्यात मद्यार्क सुमारे १५ टक्के असतो. ते टिकत नाही, म्हणून हंगामातच, बहुधा लिंबू व सोडा घालून, पितात. उर्राक पुन्हा ऊर्ध्वपातित केले की फेणी मिळते. तिच्यात मद्यार्क सु. ४२ टक्क्यांहून अधिक असतो.

फेणी रंगहीन असते. काजूच्या फेणीचा पिकल्या फळाचा वास इतका उग्र असतो, की नवख्याला तो सहन होत नाही. परंतु जाणकार त्यावरूनच तिचा कस ठरवितात. वास मंद व चव सपाट लागली, तर स्वस्त मद्यार्काच्या भेसळीचा संशय घेणे रास्त ठरते. माडाची फेणी त्या मानाने मृदू असते.

चव व किंमत यांचा मेळ मात्र येथे बसत नाही. आयरिश व्हिस्कीशी तुलना केल्यास हे ध्यानात येते. ती बार्ली व इतर धान्यांपासून होते. पुष्कळदा तिचे तीनदा ऊर्ध्वपातन करतात आणि कायद्यानुसार तिला किमान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरवावे लागते. रंग व बराचसा स्वाद पिंपातून येतो. मुरताना बाष्पीभवनाने तूटही येते. त्यामुळे वय वाढेल तशी किंमत चढते. फेणीचा स्वाद फळात असतो, लाकडात नव्हे; तेव्हा वयाचे माप तिला लावणे अनुचित होय. तिचा खर्च अल्प हंगाम, नाशवंत फळ व हातमेहनत यांचा असतो आणि भट्टीवाल्याला काजूच्या क्षेत्राचे लिलावही घ्यावे लागतात. असे असूनही कायद्याने ती दीर्घकाळ ‘देशी दारू’ गणली गेल्याने गोव्याबाहेर तिची विक्री खुंटली व भावही पडला. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. २०१६ मध्ये गोवा शासनाने फेणीला वारसा पेयाचा दर्जा दिला.

गोव्यातील कित्येक घरांत चांगली फेणी मोठ्या काचपात्रांत वर्षानुवर्षे राखून ठेवतात. ती सहसा विकत मिळत नाही.