पाचवीची रात्र आणि पुढचे शंभर दिवस

बाळ जन्मले की पेढे वाटले जातात. मुलगी झाली तर काही ठिकाणी बर्फी वाटतात आणि काही ठिकाणी नुसतेच "बरं झालं" म्हणतात. पण पेढ्याचे खोके रिकामे झाल्यावर त्या घरात पुढचे तीन-चार महिने काय चालते, ह्याविषयी आपल्यात कोणी फारसे बोलत नाही. हा लेख आम्ही उभयतांनी मिळून लिहिला आहे. एकाने लिहायचे आणि दुसरीने खोडायचे, असे करीत तो पुरा झाला. त्यात काही गोष्टी अशा आहेत की ज्या छापू नयेत असे आमच्या नातेवाइकांना वाटते. पण त्याच गोष्टी आम्हांला आधी कोणी सांगितल्या असत्या तर फार बरे झाले असते.

ऑगस्ट २०२४ मध्ये, वर्षावासाच्या दिवसांत, कल्याणच्या एका सरकारी रुग्णालयात आम्हांला मुलगी झाली. वजन २ किलो ६०० ग्रॅम. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण आमच्याकडे माहेर म्हणजे एक भाऊ आणि त्याची भाड्याची खोली. आई कालकथित होऊन नऊ वर्षे झाली. तेव्हा सिन्नरहून मावशी आल्या. पिशवीत डिंक, अळीव, जुन्या सुती साड्यांची लंगोट आणि दुपटी. "माय मरो पण मावशी जगो" ही म्हण आपण सहज बोलून जातो. त्या पिशवीकडे पाहताना आम्हांला तिचा अर्थ कळला.

रुग्णालयात पहिल्या तासाभरातच परिचारिकेने बाळाला छातीशी दिले. पहिले घट्ट पिवळसर दूध, ज्याला आपण चीक म्हणतो, ते बाळाला मिळालेच पाहिजे असे तिने बजावले. मावशी गप्प राहिल्या आणि नंतर म्हणाल्या, "आमच्या वेळी पहिले दोन दिवस हा चीक पिळून टाकायचे अन् लेकराला गुळाचं पाणी द्यायचे." त्या चिकात रोगाशी लढण्याचे बळ असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ह्या वेळी त्यांनी गुळाचे पाणी केले नाही, मधही चाटविला नाही. मावशींना अडाणी म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, की सांगणारा नीट भेटला तर त्या एका दिवसात बदलतात.

तिसऱ्या दिवशी बाळाचे डोळे आणि तोंड पिवळे दिसू लागले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणारी अशी कावीळ बहुधा आपोआप उतरते. पहिल्या चोवीस तासांतच आली, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर मात्र धावत जायचे, असे डॉक्टरांनी सांगितले. तपासणी करून चौथ्या दिवशी आम्हांला घरी सोडले.

घरी जालना जिल्ह्यातून बाळाची आजी आली होती आणि दुसऱ्याच दिवशी पाचवी होती.

आजी रोज सकाळी त्रिशरण-पंचशील म्हणणारी बाई. तिच्या आईवडिलांनी दीक्षा घेतलेली. घरात भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. तरीही संध्याकाळी तिने पाटा-वरवंटा धुऊन कोपऱ्यात मांडला, त्याच्यापुढे एक कोरा कागद आणि पेन ठेवले. सटवाई रात्री येते आणि लेकराच्या कपाळी नशीब लिहून जाते, ह्यासाठी. "माझ्या चारही लेकरांची केली. एक रात्र केली तर काय बिघडतं?" असे तिचे म्हणणे. बावीस प्रतिज्ञा तिला पाठ आहेत. पण पाचवीची भीती ही प्रतिज्ञांच्याही तळाशी बसलेली. तिच्या धाकट्या बहिणीचे मूल सहाव्या दिवशी गेले होते आणि त्या घरी पाचवी पुजली नव्हती. हे ती त्या रात्री पहिल्यांदा बोलली. मग तिच्यावर रागावणे आमच्याने होईना.

आमच्यातील एकाने एवढेच म्हटले, की आपल्या आजा-पणज्यांच्या कपाळी काय लिहिले होते ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. ते खोडायला बाबासाहेबांचा जन्म खर्ची पडला. आता पुन्हा कोरा कागद कशाला मांडायचा? आजी काही बोलली नाही. मावशींनी मग कपाटावरचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' काढून तिच्या हाती दिला. विहारात वर्षावासाचे वाचन चालू होते, त्यामुळे सुरुवातीची प्रकरणे त्यांच्या मनात ताजी होती. सातवी शिकलेल्या आजीने बोट ठेवून वाचले: सिद्धार्थाचे नामकरण पाचव्या दिवशी झाले. पुढे वाचले, की बाळ सात दिवसांचे असताना महामाया गेली आणि जाताना तिने ते आपल्या बहिणीच्या, महाप्रजापतीच्या, हवाली केले. इथे मावशींनी पदर डोळ्यांना लावला. आजीने पुस्तक मिटले आणि म्हणाली, "मग पाचवीला नावच ठेवा की!"

शेजारची चार माणसे बोलावली. मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील झाले, आजीनेच बाळाच्या कानात नाव सांगितले. नाव इथे छापत नाही. मुलगी मोठी झाल्यावर तिला विचारून छापू. पाटा-वरवंटा त्याच रात्री चटणी वाटायला गेला. कोरा कागद तेवढा राहिला. मावशींनी त्यावर रेघा मारल्या आणि बाळ किती वाजता प्यायले, किती वेळा ओले केले, हे लिहायला सुरुवात केली.

त्या कागदाने पुढे आम्हांला वाचविले. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते, शेकडा सात-आठ, फार तर दहापर्यंत, आणि दोन आठवड्यांत ते भरून निघते. आमचे बाळ चौथ्या दिवशी २ किलो ४०० होते. बाराव्या दिवशी २ किलो ४५०. कागदावर ओल्या लंगोटांचा आकडा दिवसाला चार-पाच. तो निदान सहा हवा. शेजारणींनी पावडरचा डबा सुचविला, एकीने तर बाटलीच आणून दिली. "दूधच नाही तिला" हे वाक्य बाळंतिणीच्या समोर इतक्या वेळा बोलले गेले की तिलाही ते खरे वाटू लागले.

आशाताई घरी आल्या. (रुग्णालयात प्रसूती झाली तरी त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ पाहतात, हे कितीजणांना माहीत आहे?) त्यांनी डब्याकडे पाहिलेही नाही. बाळ कसे पिते ते पाहिले. बाळ नुसते टोक ओढत होते. काळा भागही तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे, बाळाचे पोट आईच्या पोटाला लागले पाहिजे, हे त्यांनी हात धरून शिकविले. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजायचे. झोपले असेल तर तळपाय चोळून उठवायचे. दूध उरले तर हाताने काढून वाटी-चमच्याने द्यायचे. एकविसाव्या दिवशी झोळीच्या काट्यावर २ किलो ७०० भरले. बाटली परत गेली. सहा महिने आईचे दूध, वर पाण्याचा थेंबही नको, हे आम्ही ठरविले आणि पाळले.

धुरी, शेगडी, गुटी, नाळेवर हळद, कानानाकात तेल यांपैकी काहीच केले नाही. नाळ कोरडी ठेवली, ती नवव्या दिवशी पडली. काजळावरून मावशींशी थोडे वाजले. शेवटी डोळ्यांत घालायचे नाही यावर तडजोड झाली. पुढे दोन-तीनदा बाळाच्या तळपायाला काळे बोट दिसले. ते आम्ही पाहिले नाही.

बापाला कारखान्यातून तीन दिवसांची सुटी मिळाली, तीही हक्काच्या रजेतून. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला पंधरा दिवसांची रजा असते. खासगीत तसा कायदाच नाही. आमच्यातील आई मात्र सव्वीस आठवडे घरी राहू शकली. २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस झाली. पण हिचे मूळ फार जुने आहे. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांना बाळंतपणाची पगारी रजा देणारे विधेयक आले तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने उभे राहिले. बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या वर्षी कायदा झाला. ज्या माणसाने हे मांडले त्याने स्वतः रमाईबरोबर गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे गमावली होती. राजरत्न १९२६ मध्ये गेला, म्हणजे त्या भाषणाच्या दोनच वर्षे आधी. एरवी वाचलेली ही गोष्ट मांडीवर तीन किलोचे बाळ असताना वाचवत नाही.

म्हणून लसीच्या बाबतीत आम्ही एक दिवसही चुकविला नाही. जन्मतः बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-ब. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. सरकारी केंद्रात सगळे मोफत. सहाव्या आठवड्याच्या सुईनंतर ताप आला, बाळ रात्रभर रडले. ताप येतो, उतरतो. बीसीजीच्या जागी दंडावर पुळी येऊन फुटली तेव्हा आम्ही घाबरून केंद्रात गेलो, तर ताई हसल्या. लस लागू पडल्याचीच ती खूण.

आता जे छापू नये म्हणतात ते.

पहिल्या आठवड्यात बाळंतीण उगाच रडते, हे पुष्कळ घरांत दिसते आणि दहा-पंधरा दिवसांत ते जाते. आमच्याकडे ते गेले नाही. चौथ्या आठवड्यात आमच्यातील एकीला बाळ हातात घ्यावेसे वाटेना. बाळ झोपले तरी हिला झोप नाही. जेवण नको, बोलणे नको. गॅलरीत वाळणाऱ्या लंगोटांकडे तासन्‌तास पाहत बसायचे. एका पहाटे ती म्हणाली, "ही माझ्याऐवजी दुसऱ्या कोणाला झाली असती तर तिचं बरं झालं असतं." दुसऱ्याला ह्यावर काय बोलावे ते सुचले नाही. तो म्हणाला, "दमली आहेस, झोप." हे त्याचे चुकले, असे आज दोघांनाही वाटते.

मजल्यावरच्या बायकांचे निदान तयार होते: बाहेरचे झाले आहे, ओल्या बाळंतिणीला लागीर झाले आहे. एका भगताचा पत्ता आला. आजी, जिने पाचवीला स्वतः पुस्तक वाचले होते, तीच पदरात अंगारा बांधून आली. त्या दिवशी घरात मोठे भांडण झाले. बाळ रडत होते आणि त्याला कोणी घेत नव्हते.

भांडण मावशींनी मोडले. त्या म्हणाल्या, दुसऱ्या बाळंतपणानंतर आपण गावच्या विहिरीच्या काठावर दोन दुपारी बसून होतो. कोणी विचारले नाही. तिसऱ्या दुपारी शेजारणीची म्हैस सुटली म्हणून तिच्यामागे धावलो आणि त्या दिवसापुरते राहून गेले. "मला अंगारा लावला होता," त्या म्हणाल्या, "त्यानं काही झालं नाही."

दुसऱ्याच दिवशी आम्ही सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. केसपेपर काढताना आमच्यातील एकाने आजूबाजूला ओळखीचे कोणी नाही ना हे पाहिले, हेही कबूल करतो. डॉक्टर बाईंनी शांतपणे विचारले: झोप किती, जेवण किती, जीव द्यावासा वाटतो का, बाळाला काही करावेसे वाटते का. हे उघड विचारले तेव्हाच निम्मे ओझे उतरले, असे ती सांगते. हा आजार आहे, प्रसूतीनंतरचे नैराश्य. आईच्या मायेत खोट असल्याची ही खूण नव्हे. दूध पाजत असतानाही घेता येतील अशा गोळ्या दिल्या, दर आठवड्याला बोलायला बोलावले आणि नवऱ्याला सांगितले, की रात्री सलग चार-पाच तास हिची झोप ही तुमची जबाबदारी. ज्यांना दवाखाना लांब आहे त्यांच्यासाठी सरकारची 'टेलिमानस' ही फोनसेवा १४४१६ ह्या क्रमांकावर आहे, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. जीव द्यावासा वाटणे किंवा बाळाला इजा करावीशी वाटणे असे काही मनात आले तर मात्र पंधरा दिवस थांबायचे नाही, त्याच दिवशी जायचे.

गोळ्यांचा गुण दिसायला तीन आठवडे लागले. त्या काळात रात्री दहा ते दोन बाळ बापाकडे. काढून ठेवलेले दूध वाटी-चमच्याने. सहाव्या आठवड्याच्या सुमारास बाळे सगळ्यांत जास्त रडतात, हे आम्हांला नंतर कळले. तेव्हा तो चाळीच्या लांब गॅलरीत खांद्यावर बाळ घेऊन भीमगीते गुणगुणत येरझारा घालायचा. सकाळी लंगोट वाळत घालताना "काय हो, बाळंतपण तुमचं की वहिनींचं?" अशी थट्टा व्हायची. थट्टा करणाऱ्यांपैकी एकाच्या सुनेला आता सातवा महिना आहे. परवा त्याने हळूच वाटी-चमच्याविषयी विचारले.

अशोक विजयादशमीला, १२ ऑक्टोबरला, आम्ही कोठे गेलो नाही. पण आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होती, तेव्हा बाळाला घेऊन विहारात गेलो. वंदना चालू असताना बाळ आईकडे पाहून हसले. तसे ते दहा-पंधरा दिवसांपासून हसत होते. आईला ते त्या दिवशी दिसले.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी चौदा आठवड्यांच्या लसी झाल्या. वजन ५ किलो ३००. मान धरते, आवाजाकडे वळते, मावशींचे नाक पकडते. शंभराव्या दिवशी मावशी सिन्नरला परत गेल्या. आजी त्याआधीच गावी गेली होती. जाताना तिने तो पाचवीचा कागद मागितला. दोन्ही बाजूंनी भरून गेलेला, तेलाचे डाग पडलेला. तो तिने वंदनेच्या पुस्तकात घडी घालून ठेवला आहे आणि फोनवर रोज विचारते, "आज किती वेळा ओलं केलं?"

जानेवारीअखेर रजा संपली. बाळाला कोण पाहणार, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. पन्नास किंवा त्याहून अधिक माणसांच्या कचेरीत पाळणाघर असावे असा कायदा आहे. आमच्यातील एकीच्या कचेरीत एकोणतीस आहेत. दुसऱ्याने रात्रपाळी मागून घेतली. त्याविषयी पुन्हा कधीतरी लिहू.